जुनी पिकअप सेल्फ घेते, पण सुरू होत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहाटे नागपूरच्या कळमना बाजारात माल पोहोचवणाऱ्या, हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत फेऱ्या करणाऱ्या आणि काटोल-नरखेडकडून संत्री आणणाऱ्या पिकअप गाड्यांपैकी अनेक गाड्या आता जुन्या झाल्या आहेत, आणि अशी गाडी एका सकाळी सुरू झाली नाही तर त्या दिवसाची संपूर्ण कमाई बुडते. पुढील उत्तरे मुख्यतः यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनांना धरून लिहिली आहेत. कॉमन रेल आणि सीएनजीच्या गाड्यांविषयीचे प्रश्न शेवटाकडे आहेत. या सर्व उत्तरांमागे एकच आग्रह आहे : डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे की नाही हे ठरवल्याशिवाय गाडीचा एकही भाग बदलू नये.

सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते, पण पकडत नाही. याचा अर्थ काय समजावा?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते. थेट फवाऱ्याच्या इंजिनांत हवा साधारण सतरा ते एकोणीस पटींनी दाबली जाते, तर पूर्वकक्ष (डिझेल आधी ज्यात फवारले जाते तो लहान कप्पा) असलेल्या जुन्या इंजिनांत वीस पटींहूनही अधिक. त्यामुळे इंजिन सुरू होण्यासाठी तीनच गोष्टी लागतात : इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, हवा पुरेशी दाबली गेली पाहिजे आणि योग्य क्षणी डिझेलचा नीट फवारा पडला पाहिजे. सेल्फ इंजिन फिरवतो आहे, एवढ्यावरून यांतील पहिली अटही पूर्ण झाली असे धरता येत नाही.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते आहे की नाही, हे कसे ओळखावे?

आपली गाडी रोज ऐकणाऱ्या माणसाचा कान येथे कोणत्याही यंत्राइतकाच उपयोगी पडतो. आवाज नेहमीपेक्षा जड आणि रेंगाळणारा असेल तर दोष बॅटरी, तिच्या तारा किंवा सेल्फ यांत शोधावा. हळू फिरणाऱ्या इंजिनात दाबलेली हवा रिंगांच्या बाजूने निसटते, उरलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात आणि डिझेल पोहोचूनही पेटत नाही.

मल्टिमीटर असल्यास काम सोपे होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसावेत, १२.२ व्होल्ट दिसले तर बॅटरी निम्मीच भरलेली आहे असे समजावे. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. बॅटरी चांगली असूनही इंजिन जड फिरत असेल, तर मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारायला सांगावे. मीटरने अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर अर्थिंग खराब आहे. इंजिन आणि चासी यांच्यातील अर्थिंगची जाड पट्टी गंजलेली असते किंवा तिचा बोल्ट सैल झालेला असतो, आणि ती घासून घट्ट करण्याचे पाच मिनिटांचे काम न केल्यामुळे अनेकदा नवी बॅटरी घेतली जाते. नागपूरच्या उन्हाळ्यात बॅटरीतील पाणी लवकर आटते, म्हणून मार्चपासून दर पंधरा दिवसांनी पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे.

याउलट, इंजिन नेहमीपेक्षा हलके, सुळसुळीत आणि एकसारखे फिरत असेल, मधले दाबाचे ठोके ऐकूच येत नसतील, तर सेल्फ मारणे तत्काळ थांबवावे. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात बेल्ट तुटल्याची ही खूण असू शकते. तेल भरण्याचे झाकण काढून आत पाहावे आणि दुसऱ्याला क्षणभरच सेल्फ मारायला सांगावे. आतील, व्हॉल्व्ह उघडणारा रॉकर किंवा कॅम हलत नसेल तर निदान तेथेच झाले, आणि त्यानंतर सेल्फ मारत राहिल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून नुकसान वाढते.

गाडीत यांत्रिक पंप आहे की कॉमन रेल, हे कसे कळेल?

बॉनेट उघडून इंजेक्टरकडे पाहावे. पंपापासून प्रत्येक इंजेक्टरपर्यंत स्वतंत्र बारीक पोलादी नळी गेलेली असेल आणि इंजेक्टरवर विजेची तार नसेल, तर पंप यांत्रिक आहे. सर्व नळ्या एका जाड समाईक नळीतून निघत असतील आणि प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर विजेचा जोड असेल, तर ती कॉमन रेल आहे. यांत्रिक पंपातही दोन प्रकार आहेत : नळ्या एका ओळीत निघत असतील तर तो इनलाइन पंप, आणि पंपाच्या मागील बाजूस गोलाकार निघत असतील तर रोटरी पंप. हा फरक पुढे उन्हाळ्यातील दोष शोधताना कामी येतो.

२०१० मध्ये धुराविषयीची अधिक कडक बीएस-४ मानके ज्या तेरा शहरांत लागू झाली, त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर होते, नागपूर नव्हते. देशभर ती १ एप्रिल २०१७ पासून लागू झाली. त्यामुळे नागपुरात त्याआधी नोंदल्या गेलेल्या अनेक पिकअपमध्ये साधा यांत्रिक पंप आढळतो. मालकासाठी ही चांगली गोष्ट आहे, कारण अशा गाडीचे बहुतेक निदान दोन पाने (स्पॅनर) आणि एक स्वच्छ बाटली यांवर होऊ शकते.

मेकॅनिक आल्या आल्या सायलेन्सरकडे का पाहतो?

कारण धूर हाच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे. एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाशी उभे राहून पाहावे.

धूर अजिबात येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. मग हीटर प्लग (थंडीत सिलिंडर तापवणारा विजेचा प्लग), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील हवेचा दाब), व्हॉल्व्ह यांचा विचार सध्या बाजूला ठेवून टाकीपासून नोझलपर्यंतचा, म्हणजे इंजेक्टरच्या फवारा सोडणाऱ्या टोकापर्यंतचा मार्ग तपासावा. पांढरा किंवा राखाडी धूर येत असेल आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही. दोष उष्णता, दाब, फवारा किंवा टायमिंग (डिझेल सोडण्याचा क्षण) यांपैकी एकात आहे. काळा धूर येत असेल तर हवा कमी पडते आहे. एअर फिल्टर काढून पाहावा, त्यात धूळ दाटलेली असते किंवा उभ्या गाडीत उंदरांनी घरटे केलेले असते. निळसर धुरात इंजिन ऑइल जळत असते आणि तो रिंगा झिजल्याकडे बोट दाखवतो. पांढऱ्या धुराला डिझेलऐवजी कूलंटचा गोडसर वास येत असेल आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेटची शंका घ्यावी आणि सेल्फ मारणे थांबवावे.

धूर अजिबात नाही. कोठून सुरुवात करावी?

सुरुवात त्या गोष्टींपासून करावी ज्यांना पैसे लागत नाहीत. टाकीत डिझेल आहे ना, हे काट्यावर न विसंबता प्रत्यक्ष पाहावे, कारण जुन्या गाडीत टाकीतील फ्लोट अडकून काटा पाव टाकी दाखवत राहतो. टाकीचे झाकण उघडताना आत हवा ओढली गेल्याचा आवाज आला तर टाकीचा श्वासमार्ग बुजला आहे, आणि कधीकधी झाकण सैल ठेवल्यावर गाडी लगेच सुरू होते.

त्यानंतर इंजिन बंद करणारी यंत्रणा पाहावी. जुन्या गाड्यांत इंजिन बंद करण्यासाठी ओढायची केबल असते. ती केबल गंजून अडकली, तर पंपावरील दांडा बंद स्थितीतच राहतो आणि कितीही सेल्फ मारला तरी पंप डिझेल सोडत नाही. बॉनेट उघडून तो दांडा हाताने सुरू स्थितीत ढकलून पाहावा.

केबलऐवजी विजेचा स्टॉप सोलेनॉइड (विजेने डिझेल सुरू-बंद करणारी झडप) असेल, तर चावी फिरवताच पंपाजवळ 'टक' असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर सोलेनॉइडच्या तारेवर चावी चालू असताना बारा व्होल्ट येतात का, हे टेस्ट लॅम्पने पाहावे. वीज येत असूनही आवाज नसेल तर सोलेनॉइड गेला; वीजच येत नसेल तर फ्यूज, रिले किंवा चावीचा स्विच शोधावा. येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ती हल्ली फार दिसू लागली आहे. चोरीच्या भीतीने किंवा हप्त्याच्या गाडीवर नजर ठेवण्यासाठी नंतर बसवलेल्या जीपीएस यंत्रात बहुधा इंजिन बंद करणारा रिले असतो, आणि तो नेमकी याच सोलेनॉइडची तार तोडून बसवलेला असतो. सीटखाली किंवा डॅशबोर्डमागे टेपने गुंडाळलेला जोड सैल झाला की चांगली गाडी मेल्यासारखी उभी राहते. गाडी जुनी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने लपवून बसवलेला कट-ऑफ स्विच आहे का, हे त्याला फोन करून विचारावे.

एवढे पाहून झाल्यावर डिझेल फिल्टरकडे वळावे. फिल्टरमधून बाहेर जाणारी नळी सैल करून हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल पुढे ढकलायचा लहान पंप) दाबावा. डिझेल जोरात आणि बुडबुड्यांशिवाय आले तर टाकीपासून तेथपर्यंतचा मार्ग ठीक आहे. प्रायमर दाबताना जड लागत असेल आणि डिझेल थेंबथेंब येत असेल तर फिल्टर बुजला आहे. प्रायमर पोकळ लागत असेल, दाबूनही काहीच येत नसेल, तर मागून डिझेल ओढले जात नाही किंवा कोठून तरी हवा शिरते आहे.

हवा काढायची योग्य पद्धत कोणती?

फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर नळ्यांत हवा शिरते. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही. म्हणून नळीत हवेचा लहानसा फुगा असला तरी पंपाचा दाब त्यातच विरतो आणि नोझल उघडत नाही.

प्रथम फिल्टरच्या डोक्यावरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा आणि फेस संपून अखंड डिझेल येईपर्यंत प्रायमर दाबत राहावे. डिझेल वाहत असतानाच स्क्रू घट्ट करावा. थांबून घट्ट केल्यास हवा पुन्हा आत जाते. मग पंपावरील स्क्रूबाबत हेच करावे. शेवटी इंजेक्टरच्या टोकाकडील नळ्यांचे नट एकेक फेरा सैल करून सेल्फ मारावा, प्रत्येक नटापाशी डिझेल उसळताना दिसले की ते घट्ट करावेत. बहुतेक वेळा दोन नट घट्ट होईपर्यंतच इंजिन अडखळत पकडते.

येथे एक इशारा आम्ही कळकळीने देतो. सैल केलेल्या नळीसमोर हात, बोट किंवा चेहरा धरू नये. यांत्रिक पंपाच्या नळीतील दाबसुद्धा शंभर बारच्या पुष्कळ पुढे जातो आणि त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरू शकते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पण आत शिरलेले डिझेल मांस मारत जाते आणि उशीर झाला तर बोट कापावे लागते. अशी शंका आली तर हात धुऊन कामाला लागू नये, त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे आणि दाबाखालील डिझेल आत शिरले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. कॉमन रेल गाडीत हे नट कधीही सैल करू नयेत, कारण तेथील दाब हजार बारच्याही वर जातो.

हवा काढली की गाडी सुरू होते, पण रात्रभर उभी राहिली की सकाळी पुन्हा तीच अडचण. असे का?

हवा काढणे हा उपाय आहे, निदान नव्हे. रात्री गाडी उभी असताना कोठल्या तरी भेगेतून हवा शिरते आणि नळीतील डिझेल उतरून टाकीत परत जाते. ही गळती ओढणाऱ्या बाजूची असल्यामुळे बाहेर थेंबही दिसत नाही, आणि म्हणूनच ती महिनोन्‌महिने सापडत नाही.

ती शोधण्याची खात्रीची पद्धत अशी आहे. स्वच्छ बाटलीत किंवा लहान कॅनमध्ये चांगले डिझेल घ्यावे, ते पंपापेक्षा उंच सुरक्षित बांधावे आणि त्यातून थेट पंपाच्या तोंडाला पारदर्शक नळी जोडावी. परतीची (उरलेले डिझेल परत आणणारी) नळीही त्याच कॅनमध्ये सोडावी. हवा काढून इंजिन सुरू करावे आणि गाडी रात्रभर तशीच उभी ठेवावी. सकाळी ती पहिल्या सेल्फला पकडली, तर पंप आणि नोझल निर्दोष ठरतात आणि दोष टाकी, तिच्यातील जाळी, रबरी होज, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) किंवा फिल्टर यांत आहे हे निश्चित होते. मग एकेक जोड परत लावत गेले की दोषी जोड हाती लागतो. पारदर्शक नळीत बुडबुडे दिसत राहिले तर ते पंपाकडून येत आहेत असे समजावे.

उन्हाने कडक होऊन चिरलेले रबरी होज, फिल्टर बदलताना पुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर आणि नोझलवरील परतीच्या नळीचे सैल झालेले टोक, हे तिघे नेहमीचे गुन्हेगार आहेत. मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या नागपूरच्या उन्हात इंजिनजवळचे रबर फार लवकर म्हातारे होते. होज बदलताना डिझेलसाठीचाच घ्यावा. पाण्याच्या नळीचा तुकडा काही आठवड्यांत फुगतो.

उन्हाळ्यात सकाळी गाडी एका सेल्फला सुरू होते, पण दुपारी माल उतरवून परत निघताना सुरू होत नाही. तासाभराने पुन्हा सुरू होते. दोष कोठे आहे?

हा प्रश्न एप्रिल आणि मे महिन्यांत सर्वाधिक विचारला जातो, आणि याचे चुकीचे उत्तर मालकाला सर्वाधिक महाग पडते. गाडी गरम असताना सुरू होत नाही म्हणून कोणी सेल्फ बदलतो, कोणी बॅटरी, तर कोणी रेडिएटर. सेल्फ गरम झाल्यावर जड फिरत असेल तर दोष खरोखरच सेल्फचा असू शकतो, पण इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल आणि धूर येत नसेल, तर बहुतेक वेळा झिजलेला पंप कारणीभूत असतो. रोटरी पंपाच्या डोक्यातील भाग एकमेकांत इतके चपखल बसवलेले असतात की त्यांच्यामधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. वर्षानुवर्षांच्या धुळीने आणि पाणीमिश्रित डिझेलने ती फट वाढते. थंड डिझेल थोडे घट्ट असल्याने सकाळी वेळ निभावते. गरम डिझेल पातळ होते, फटीतून निसटते आणि सेल्फच्या मंद गतीला नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. एकदा इंजिन सुरू झाले की वेग वाढतो आणि गाडी वर्धा मार्गावर नेहमीसारखी धावते, म्हणून पंपावर कोणाचा संशय जात नाही.

याची परीक्षा साध्या कापडाने होते. गरम गाडी सुरू होत नसताना पंपाभोवती पाण्यात भिजवून पिळलेले जाड फडके गुंडाळावे आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. बाकी इंजिन गरमच आहे, फक्त पंप थंड झाला, आणि तेवढ्यावर गाडी पकडली, तर पंपाचे डोके झिजले आहे हे जवळजवळ सिद्ध होते. पंपावर थेट थंड पाणी ओतू नये. आतील भाग अचानक आकसून जाम होण्याचा धोका असतो. सोलेनॉइडही गरम झाल्यावर सुटू शकतो, म्हणून फडके गुंडाळण्यापूर्वी त्याचा 'टक' आवाज ऐकून घ्यावा.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी पांढरा धूर येतो आणि गाडी पकडत नाही. काय तपासावे?

आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघतात, त्यामुळे भरलेल्या गाड्यांच्या पहाटेच्या फेऱ्या नेमक्या थंडीच्या तोंडाशी येतात. नागपुरात जानेवारीच्या पहाटे तापमान दहा अंशांच्या खाली जाते, आणि पूर्वकक्ष असलेल्या इंजिनाला तेवढी थंडी हीटर प्लगशिवाय पेलत नाही. २००५ मध्ये आलेल्या पहिल्या टाटा एसचे ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन या प्रकारचे आहे.

प्रत्येक हीटर प्लगवरील पट्टी किंवा तार सोडवावी. मग टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावून टोक प्लगला टेकवावे. दिवा लागला तर प्लगमधील तार अखंड आहे. लागला नाही तर प्लग गेला. मीटरने चांगल्या प्लगचा रोध एक ओहमच्या आसपास दिसतो. सगळे प्लग चांगले असतील तर चावी फिरवल्यावर त्यांच्यापर्यंत वीज येते का ते पाहावे, कारण रिले किंवा मोठा फ्यूज जळल्यास सर्व प्लग एकदम निकामी ठरतात. दोन सिलिंडरच्या गाडीत एक प्लग गेला तरी निम्मे इंजिन थंड राहते. थेट फवाऱ्याच्या अनेक जुन्या इंजिनांत मात्र हीटर प्लग नसतातच. तेथे थंडीत बॅटरी आणि कॉम्प्रेशन यांकडेच आधी पाहावे.

थंडीत हवेच्या नळीशी पेटते फडके धरून किंवा स्प्रे मारून गाडी सुरू करावी का?

करू नये. फडक्याचा जळता तुकडा ओढला जाऊन एअर फिल्टर पेटतो आणि आजूबाजूला डिझेलने ओल्या नळ्या असतात. इथरचा स्प्रे हीटर प्लग असलेल्या इंजिनात मारला तर तो तापलेल्या प्लगवर वेळेआधीच भडकतो आणि पिस्टनची रिंग किंवा हेड गॅसकेट फुटते. शिवाय स्प्रेची सवय लागलेल्या गाडीचा मूळ दोष, बहुधा कमी झालेले कॉम्प्रेशन, तसाच वाढत राहतो.

कडक ऊन असताना, इंजिन चांगले फिरत असतानाही पांढरा धूर येतो आणि पकडत नाही. मग?

उष्णतेची अडचण नसताना कच्चे डिझेल बाहेर पडत असेल तर तीन शक्यता उरतात. नोझल फवारा न करता धार सोडत असावे, पंपाचे टायमिंग सरकले असावे किंवा कॉम्प्रेशन उतरले असावे. अलीकडेच पंप काढून बसवला असेल तर टायमिंगवर पहिला संशय घ्यावा. पंप बसवताना एक खूण चुकली तरी नेमके हेच लक्षण दिसते. नोझल डिझेल लॅबमध्ये (पंप आणि नोझल दुरुस्त करणाऱ्या दुकानात) तपासून घ्यावेत. ते काम लवकर होते आणि फवारा डोळ्यांना दिसतो. कॉम्प्रेशन मोजण्यासाठी डिझेलचाच गेज लागतो, कारण निरोगी डिझेल इंजिनात साधारण २५ ते ३० बार दाब येतो आणि पेट्रोलचा गेज त्याला टिकत नाही. नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या पुस्तिकेत पाहावी, पण सिलिंडरांमधील मोठी तफावत ही स्वतःच दोषाची खूण आहे.

पावसाळ्यात गाडी पाण्यातून गेली आणि नंतर सुरू होत नाही. सेल्फ मारत राहावे का?

अजिबात नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरातील अनेक वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा असंख्य वाहने बुडाली. बुडालेल्या गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, आणि सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टर उघडून पाहावा. तो ओला असेल तर हीटर प्लग किंवा नोझल काढून, त्या छिद्रांतून पाणी निघून जाईपर्यंत इंजिन हाताने फिरवावे. ऑइल दुधासारखे पांढुरके झाले असेल तर ते बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नये.

गाडी बुडाली नसेल आणि फक्त पावसाळ्यात अडखळत असेल, तर फिल्टरखालील वॉटर सेपरेटरचा (डिझेलमधील पाणी वेगळे साठवणाऱ्या भागाचा) स्क्रू सैल करून पारदर्शक बाटलीत थोडे डिझेल काढावे. पाणी जड असल्याने मिनिटभरात तळाशी बसते आणि स्पष्ट दिसते. पाणी बरेच निघाले तर केवळ फिल्टर बदलून भागत नाही. टाकी उतरवून धुवावी लागते.

धक्का मारून सुरू करता येईल का?

सेल्फ इंजिन नीट फिरवत असेल तर धक्का मारून बहुधा काहीही वेगळे साधत नाही. धक्क्याचा उपयोग मुख्यतः बॅटरी किंवा सेल्फ कमजोर असताना आहे. भरलेली गाडी अमरावती मार्गावर, वाडीच्या गर्दीत ढकलणे तर जिवावर बेतू शकते.

एका वेळी किती वेळ सेल्फ मारावा?

दहा ते पंधरा सेकंद. मग किमान एक मिनिट थांबावे, कारण सेल्फच्या गुंडाळ्या फार वेगाने तापतात.

माझी गाडी कॉमन रेलची आहे. तिचे निदान कसे वेगळे आहे?

येथे कॉम्प्युटर परवानगी देईल तेव्हाच इंजेक्टर उघडतो. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंचितही हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरते आहे हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर) संशय घ्यावा. खराब झालेला हा सेन्सर गरम झाल्यावर बंद पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो, त्यामुळे उन्हाळ्यातील दोष झिजलेल्या पंपासारखाच भासतो. इमोबिलायझरचा (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) चावीच्या खुणेचा दिवा लुकलुकत राहत असेल तर दुसरी चावी लावून पाहावी. त्यापुढचे काम स्कॅनरशिवाय होत नाही. सेल्फ मारताना रेलमधील दाब साधारण दोनशे ते तीनशे बारपर्यंत चढला पाहिजे. तो चढत नसेल तर पंप दोषी ठरवण्यापूर्वी प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीखाली बाटली लावून किती डिझेल परत येते ते मोजायला सांगावे. एकच झिजलेला इंजेक्टर सगळा दाब परत सोडून देऊ शकतो, आणि पंप हा या गाडीतील सर्वांत महागड्या भागांपैकी एक आहे. ही मोजणी न करता पंप बदलण्याचा सल्ला मिळाला तर दुसरे मत घ्यावे.

पेट्रोल-सीएनजीच्या पिकअपला हेच लागू होते का?

नाही. तेथे ठिणगी आणि इंधन वेगवेगळे तपासावे. सीएनजीवर सुरू होत नसेल तर पेट्रोलवर सुरू करून पाहावे. सुरू झाली तर प्लग, कॉइल आणि कॉम्प्रेशन ठीक आहेत आणि दोष गॅसच्या बाजूला आहे. पेट्रोलची टाकी नेहमी कोरडी ठेवणाऱ्या गाडीचा पेट्रोल पंप जळतो, कारण पेट्रोलच त्याला थंड ठेवत असते. मग ही तपासणीही करता येत नाही. गॅसचा वास येत असेल तर सेल्फ मारू नये, गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा.

पंप डिझेल लॅबमध्ये द्यावाच लागला तर काय काळजी घ्यावी?

पंप उतरवण्यापूर्वी पंप आणि इंजिन यांच्या जोडावर छिन्नीने खूण करून तिचा फोटो काढावा, म्हणजे परत बसवताना टायमिंग चुकणार नाही. उघड्या नळ्यांची तोंडे स्वच्छ टोप्यांनी किंवा प्लॅस्टिकने बंद करावीत. धुळीचा एक कण नव्या नोझलला पुरेसा असतो. पंप टेस्ट बेंचवर लावला जाईल तेव्हा स्वतः हजर राहण्याची विनंती करावी आणि सेल्फच्या गतीला, म्हणजे मिनिटाला सुमारे दीडशे ते दोनशे इंजिन फेऱ्यांना, तो किती डिझेल देतो हे दाखवायला सांगावे. फक्त जास्त वेगावरचे आकडे पाहून पंप चांगला ठरवला जातो आणि सुरू न होण्याचा दोष तसाच राहतो. तक्रार गरम असतानाची असेल तर ते तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि डिझेल गरम झाल्यावरच मोजणी करायला सांगावी. जुने काढलेले भाग परत मागावेत. पंप आणि नोझल परत बसवताना सर्व तांब्याचे वॉशर नवे घ्यावेत आणि त्याच वेळी डिझेल फिल्टरही बदलावा.